ठोकळे

ऑरेगनपर्यंतच्या लांब प्रवासाला आतच झोपायची सोय असलेली कॅम्पर गाडी नको, हॉटेलं बरी, असं लेकीनं ठरवलं. "ते धूड चालवणार कोण, आई? बाबांना स्वतःचं नावही आठवत नाही!" व्हर्नानं हात टेकले. पहिल्याच हॉटेलात तिचा नवरा पलंगाच्या कडेला ताठ बसून राहिला. जेवेना, आडवा होईना. लेक त्याचे पाय वर घेऊ लागली, तसा तो किंचाळला, "वेडी आहेस? सगळे दरीत जाल!" तेव्हा व्हर्नाला त्याचा उजवा पाय दिसला, गालिच्यावर गच्च दाबलेला, थरथरणारा. जन्मभर मुक्कामाला उतारावर कॅम्पर लावताना तो असाच ब्रेक दाबून बसायचा आणि चाकांमागे ठोकळे लावून ती हाक मारायची. तिनं बूट काढून पलंगाच्या पायांमागे सारले. "लावले रे, सोड!" पाय सैलावला. "झकास जागा," म्हणत तो कलंडला. व्हर्ना मात्र बूट धरून तशीच राहिली. हात काढला तर सगळंच घरंगळेल.