गोग्रास

काठीचा पहिला फटका इंजेक्शनांच्या डब्यावर बसला आणि दुसरा रविराजच्या कपाळावर.

काचा फुटल्या. रविराजच्या भुवईतून रक्त गळायला लागलं. वर्षभरात दोनदा न्यूमोनियाने आडवा झालेला, आता कमरेला नागीण उठलेला हा म्हातारा, एवढा जोर त्याच्यात आला कुठून कोण जाणे. सगळं अंग थकतं, राग तेवढा थकत नाही.

"गाईचं लेकरू मारून बापाला जगवतो व्हय रं, रव्या?" काकासाहेब ओरडले.

चूक कंपाउंडर गोरक्षची. देवळालीहून सुई टोचायला आला होता, टोचून गेला असता तर काही बिघडलं नसतं. पण त्याला माहिती सांगायची भारी हौस. "छातीत थायमस नावाची गाठ असती, आबा. रोगाशी लढनाऱ्या पेशी तिथं तयार व्हत्यात. वय झालं की ती सुकती, मग मानूस एवढ्यातेवढ्यानं पडतं. म्हनून हे औषध. कोवळ्या वासराच्या गाठीतून काढत्यात." हे सांगितलं कुणाला, तर रोज गाईचा घास काढून ठेवल्याशिवाय स्वतः घास न घेणाऱ्या माणसाला.

काठी पुन्हा उठली तसा रविराजही पेटला. त्याने बापाला कॉटवर पाडलं आणि कमरेवर गुडघा दिला. नागिणीचे फोड गुडघ्याखाली फुटले. काकासाहेब किंचाळले आणि त्यांनी मुलाच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला. रविराजने दुसऱ्या हाताने थोबाडीत दिली. बापाच्या. आवाजाने तो स्वतःच दचकला, पण गुडघा काढला नाही. त्याला बाप जिवंत हवा होता, आणि धरला होता मात्र चोरासारखा.

"आता ताप आला तर वाचनार न्हाईत म्हनलाय डाक्टर! सुई भरलेली हाय न्हवं? बघतो काय गोरक्ष, टोच!"

"मरंन, पन गोहत्येचं पाप घेनार न्हाई!"

दारात काकासाहेबांची बायको मनकर्णा उभी होती. ती भांडण सोडवायला आली नाही, गोठ्यात गेली. परतली ती एका गोऱ्ह्याला दाव्याने ओढत. आठवड्यापूर्वी जन्मलेला, जर्सीचा. नुसत्या बरगड्या. उंबऱ्यातच त्याचे पुढचे पाय दुमडले, तसं तिने त्याला फरशीवरून फरफटत कॉटपाशी आणलं.

ही गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक असते, बोलत कुणी नाही. कालवड झाली तर पेढे. गोऱ्हा झाला तर दोन दिवस चीक, मग तोंडाला मुसकं. त्याला औताला जुंपत नाहीत, कुणी विकत घेत नाही, आणि दूध तर डेअरीला घालायचं असतं. तो आपला आपणच मरतो. सुरी कुणी चालवत नाही, म्हणून पापही कुणाला लागत नाही.

मनकर्णाने मुसकं ओरबाडून काढलं, नवऱ्याचा हात धरला आणि त्याची बोटं गोऱ्ह्याच्या तोंडात कोंबली. गोऱ्हा कोरड्या जिभेने ती चोखायला लागला.

"ह्याचं दूध कुनी तोडायला लावलं?" ती म्हणाली. "गोरक्षनं का डाक्टरनं?"

रविराजचा गुडघा आपोआप बाजूला झाला. काकासाहेब सुटले होते. हात काढून घेता आला असता, पण त्यांनी तो काढला नाही. गोऱ्हा डोळे मिटून ओढत राहिला, काहीच येत नव्हतं तरी.

गोरक्ष हातात भरलेली सुई धरून भिंतीला चिकटला होता. काकासाहेबांनी दुसऱ्या दंडावरची बाही दातांनी वर ओढली.

"टोच," ते म्हणाले. "न्हाईतरी इतकी वर्सं वासरंच खात आलोय."