तिसरी बादली

"वाका जरा," गोजरबाई म्हणाल्या आणि नवऱ्याच्या मानेवर साबण घासू लागल्या.

रखमाजी न्हाणीतल्या दगडावर बसले होते. नऊ वाजता हिंगोलीची जीप होती. हृदयाचे ठोके चुकायचे म्हणून त्यांना गोळी चालू होती आणि दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं होतं. ती तारीख होऊन दीड महिना झाला. हळद खणायची, शिजवायची, वाळवायची, त्यात राहून गेलं. घर सगळं पिवळं झालं होतं. उंबरा, हंडे, शेरडांच्या पाठीसुद्धा.

"असं पिवळं ध्यान नेलं तर डॉक्टर म्हणंल, यांच्या गावात पाणी न्हाई का."

"लग्नातली हळद आठ दिवस निघाली न्हवती," रखमाजी म्हणाले. "तवा न्हाई घासलं कुनी."

"तवा तुमच्याकडं बघायची बी सोय न्हवती."

दाराशी बादली घेऊन उभी असलेली सून, रागिणी, पदराआड हसली. गोजरबाईंना ती हळद आठवली. जात्यावर दळलेली, जाडीभरडी. रखमाजींच्या कानामागे तिचा रंग पुढं कितीतरी दिवस राहिला होता.

पहिल्या बादलीचं पाणी पिवळंजर्द वाहिलं. दुसरीचं फिकं.

"काढा घेतला का सकाळचा?"

"घेतला. जेवन जाईना, काढा तेवढा जाऊन राहिला."

काढा मुलानं, बजरंगनं सुरू केला होता. हळदीत अँटिऑक्सिडंट असतं, गोळीचा तरास अंगाला लागू देत नाही, असं त्यानं मोबाइलवर वाचलं होतं. घरचीच हळद, रोज दोन वेळा अर्धा कप. महिन्याभरात रखमाजींच्या तोंडावर रंग चढला, तेव्हा गोजरबाईंनीच शेजारी सांगितलं होतं, गुण येऊन राहिला म्हणून.

तिसरी बादली ओतली. पाणी पांढरं वाहिलं, नुसता साबणाचा फेस.

पाठ तशीच होती.

गोजरबाईंनी वजरी घेतली आणि खांद्यावर घासली. कातडी लाल झाली. लाली ओसरली, तसा खालून पुन्हा पिवळा रंग वर आला.

"अगं, सोलून राहिली का मला?"

त्यांचा हात थांबला. त्यांनी स्वतःचे तळवे पाहिले. महिनाभर हळदीत असलेले तळवे आता धुऊन पांढरेफटक निघाले होते.

रखमाजींनी चेहऱ्यावरचा फेस निपटून वर पाहिलं.

"आत्याबाई," रागिणी हळू म्हणाली, "मामांचे डोळे बघा."

डोळ्यांतलं पांढरं कुठंच नव्हतं.

"डॉक्टरनं सांगितलं व्हतं," ती म्हणाली. बोलताना तिच्या हातातली रिकामी बादली भिंतीला लागत होती. "हजारात एखाद्याला ही गोळी उलटते म्हणले. अंगातली राखण करणारी ताकदच मग लिव्हरवर उठते. डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी या, म्हणले व्हते. कवापासून हाये हे?"

होळीच्या आधीपासून. गोजरबाईंनी पाहिलं होतं. खळ्यावरची धूळ डोळ्यांत गेली असेल म्हणून दोनदा त्यांनी पदराच्या टोकानं पुसलंही होतं.

"पानी तापवू का अजून?" रागिणीनं विचारलं.

"नगं."

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. रखमाजींनी टॉवेलसाठी हात पुढं केला.

"निघाली का हळद एकदाची?"

गोजरबाईंनी टॉवेल दिला नाही. ओला तळवा त्यांच्या पिवळ्या छातीवर ठेवला आणि तसाच ठेवून उभ्या राहिल्या. खाली ठोका पडत होता. एकामागे एक, एकसारखा. वर्षभरात तो इतका बराबर कधी पडला नव्हता.