मागल्या दारची उतरण
“उतरण मागल्या दारीच होईल,” दाजी म्हणाला आणि चिऱ्यांची पहिली रास मागल्या परसात पडली.

गुणाजी पुढच्या पडवीत चाकांच्या खुर्चीत बसला होता. त्याच्या मेहुण्याने ती जुनी खुर्ची मुंबईहून आगबोटीने पाठवली होती. गुणाजीला उतरण पुढे हवी होती. पुढे जोत्याच्या पायऱ्या होत्या, अंगण होते, पाखाडीच्या दगडी वाटेवरून येणारी-जाणारी माणसे होती. तिथे चिरे रचून उतार केला की कोणी उचलून उतरवायला नको. धाकट्या भावाने, दाजीने, मान खाली घालून ऐकले, हो म्हटले नाही. आवडाबाई, गुणाजीची स्वतःची बायको, तीही दिराचीच री ओढत होती. पुढे जागा कमी, उतार उभा होईल, खुर्ची आवरणार नाही, असे तिचे म्हणणे. गुणाजीला ते काही पटले नाही. मागल्या दारी होती फक्त जाळी ठेवायची खोप आणि तिच्यापलीकडे खाडी.

खाडीचे नाव त्याला नको झाले होते. वैशाखात होडी वर ओढताना दोर सुटला, होडी मागे घसरली आणि तिच्याखाली गुणाजीचे दोन्ही पाय गेले. दोर दाजीच्या हातात होता. तो सुटला की सोडला, हे गुणाजीने कोणाला विचारले नव्हते. पण मनातून ते जातही नव्हते. घरचा तांडेल गुणाजी, होडी त्याच्या शब्दावर चालायची. आता होडी माडाच्या झापांखाली पडून होती आणि दाजी दुसऱ्याच्या होडीवर मासे मारायला जात होता. होडीचा विषय माझ्यासमोर काढायचा नाही, असे गुणाजीने घरात बजावले होते. खाडीकडे पाठ करून तो दिवसभर पडवीत बसे.

संशयाला मग खायला रोज काही ना काही मिळू लागले. मान वळवली की घराच्या आरपार मागले परस दिसे. आवडाबाई दोरीचे एक टोक धरून तिथे उभी राहायची आणि दाजी दुसरे टोक घेऊन खाली जायचा. मापे कसली? वाटणीची, दुसरे काय. एके दिवशी खोपीतली जाळी बाहेर काढलेली दिसली. म्हणजे उतरण खोपीत जायला आहे. पांगळ्याला खोपीत टाकायचे, भाकरी तिथेच सरकवायची आणि घर दाजीने घ्यायचे. राजापूरचा कोणी सुतार येऊन दाजीशी हळू आवाजात बोलून गेला, तेव्हा होडी विकायला काढली हेही नक्की झाले. आवडाबाईला विचारले तर ती नजरेला नजर देईना. खोटे बोलणे तिला कधी जमले नव्हते. गुणाजीचे अन्न तुटले.

दिवाळी सरली आणि उतरण पुरी झाली. एका संध्याकाळी घरात कोणी नाही असे पाहून गुणाजीने खुर्ची मागल्या दाराने बाहेर काढली. उतार लांब होता, हलका होता. चाके हाताच्या काबूत राहत होती, एवढे त्याला कबूल करावे लागले. खोप डाव्या हाताला मागे पडली आणि उतरण पुढे गेलीच. मग एकाएकी संपली. जमिनीला टेकून नव्हे, अधांतरी. शेवटचा चिरा छातीइतका उंच आणि खाली ओहोटीचा काळा चिखल. गुणाजीने चाके आवळली तेव्हा त्याचे तळहात सोलून निघाले.

दाजी परत आला तेव्हा तो तिथेच बसून होता.

“एकदा दोर सुटला,” गुणाजी म्हणाला. “आता चाकं सुटतील. लोक म्हणतील, पांगळा होता, गेला घसरून. असंच ना रे?”

दाजीचा चेहरा पांढरा पडला. पुनवेपर्यंत थांब, एवढेच म्हणून त्याने खुर्ची ढकलत वर घरात नेली.

पुनवेला दुपारी आवडाबाईने काही न विचारता खुर्ची मागल्या दाराकडे वळवली. गुणाजीने चाके धरून ठेवली. तिने त्याच्या हातावर हात ठेवला. तिचे डोळे हसत होते. त्याचेच त्याला भय वाटले. खाली जाताना त्याने डोळे मिटून घेतले.

चाके थांबली तेव्हा आधी वास आला, लाकडाला नुकत्याच चोपडलेल्या माशाच्या तेलाचा. त्याने डोळे उघडले. चिखल कुठेच नव्हता. उधाणाची भरती होती आणि खाडीचे पाणी चिऱ्यांवर चढून आले होते. शेवटच्या चिऱ्याला लागून त्याचीच होडी उभी होती. तिचा काठ चिऱ्याच्या अगदी बरोबरीला. मध्ये एक रुंद फळी टाकलेली. आत जाळी भरलेली, आणि सुकाणूपाशी नव्या फळ्यांचा ओटा, त्यावर खुर्चीची चाके बसतील अशा खाचा. भरतीच्या वेळा झोपेतही सांगणाऱ्या तांडेलाने ही उतरण पाहिली होती ती ओहोटीला. गुणाजीला स्वतःची लाज वाटली.

दाजी होडीच्या पुढच्या टोकाला उभा होता. काठावरच्या खुंट्याला घातलेला दोर त्याने मनगटाला वेढे देऊन धरला होता, इतका घट्ट की बोटे काळीनिळी पडली होती.

“आधी बोललो असतो तर तू नाय म्हटलं असतंस,” तो म्हणाला. “सुकाणू हातानं धरायचं असतं, दादा. त्याला पाय कशाला हवेत?”

आवडाबाईने खुर्ची फळीवरून आत सरकवली. चाके खाचांत बसली. गुणाजीने सुकाणूचा दांडा धरला आणि दांड्याने हाताला ओळख दिली. सगळे तयार होते, तरी होडी जागची हलेना. दाजी दोर धरूनच होता. तो सोडायला त्याचा हात धजत नव्हता.

गुणाजीने त्याच्याकडे पाहिले, आणि वैशाखानंतरचा पहिला हुकूम दिला.

“दाजी, दोर सोड.”