गंधाचं बोट

"घरातलं कोणी लांब निघालं की त्याच्या यंत्राला गंधाचं बोट लावायचा, सूनबाय. होकायंत्र असो नायतर काय असो. चुकायचा नाय." खलाशी असलेल्या सासऱ्यांचा हा शब्द त्यांच्या माघारीही राजश्रीने कधी मोडला नव्हता.

लेक मनस्वी ग्लायडर उडवायची. दुसरं ग्लायडर जवळ आलं की सावध करणारं तिचं तळहाताएवढं यंत्र मागच्या खेपेला घरून नेल्यापासून उंची चुकीची दाखवू लागलं, म्हणून या सुट्टीत ती ते घरी घेऊन आली. सेटिंग बदललं, बॅटरी बदलली. मांडवीच्या किनाऱ्यावरून रत्नदुर्गावर चढली, तरी आकडा जागचा हलेना. शेवटी भिंगातून पाहिलं, तर यंत्राच्या पाठीवरचं बारीक भोक चंदनाने बुजलेलं.

"आई, आजोबांच्या होकायंत्रावर काच होती गं. हे बिचारं या भोकातून हवेचा दाब घेतं, तेव्हा कुठे उंची सांगतं."

राजश्रीने आपल्या बोटाकडे पाहिलं. "म्हणजे वर काही झालं असतं, तर माझ्याच हाताने..."

"झालं नाही ना? साफ केलंय मी. पण तुझा देव दमला असेल हो मला सांभाळून!"

निघायच्या दिवशी राजश्रीने सहाण पालथी घातली, मनातल्या मनात सासऱ्यांची माफी मागितली आणि रिकाम्या हातांनी अंगणात येऊन उभी राहिली. रिक्षा आली तरी पोर बाहेर येईना, म्हणून ती आत डोकावली. यंत्र पेटीत बंद होतं, आणि देवघरासमोर मांडी घालून मनस्वी पेटीच्या झाकणासाठी चंदन उगाळत होती.