साखर कंट्रोलमध्ये

टूं करून साखर मोजायचं मशीन वाजलं, तेव्हा घड्याळवाल्यांची बायको दारात शेजारच्या वहिनींशी बोलत उभी होती.

"अगं ए, किती आली?" घड्याळवाल्यांनी बोटावर कापूस दाबत आतून हाक मारली.

"आले, आले. हात लावू नका त्याला."

आता ज्या माणसाने पस्तीस वर्षं लोकांची घड्याळं उघडून दुरुस्त केली, त्याला यंत्राला हात लावू नका म्हणून सांगायचं म्हणजे कमालच झाली. डोळे अधू झाले म्हणून दुकान बंद केलं, हात काही अधू झाले नव्हते. बोटाला सुई टोचणं, पट्टीला रक्ताचा थेंब लावणं, सगळं तेच करायचे. आकडा तेवढा चष्म्यातूनही पुसट दिसायचा. तो बायको वाचायची आणि वहीत लिहायची. एकशे दहा. एकशे सोळा. फारच झालं तर एकशे बावीस.

त्या आकड्यांवर स्वारी भलतीच खूश होती. बागेतल्या बाकावरच्या मित्रांना सांगायची, "आपली साखर कंट्रोलमध्ये आहे बुवा. मनावर ताबा लागतो." ताबा इतका, की सहा महिने डॉक्टरचं तोंड पाहिलं नव्हतं आणि गोळीही स्वतःच्या अकलेने अर्धी करून टाकली होती. "अहो, विचारून तरी करा," असं बायको म्हणाली होती. "तुला काय कळतं त्यातलं?" म्हणून त्यांनी विषय मिटवला होता. कोडं एकच होतं. उजव्या पायाच्या अंगठ्याला नखाशेजारी जरासं चिरलं होतं, त्याला दोन महिने झाले. ते भरून यायचं सोडून आता काळं पडत चाललं होतं.

वहिनींचं पुराण काही संपेना. शेवटी घड्याळवाल्यांनी कंटाळून टेबलाचा खण ओढला, दुकानातलं जुनं भिंग काढून डोळ्याला लावलं आणि मशीन नाकाशी धरलं.

तीनशे सात.

ते हसले. बिघडलं वाटतं. साबणाने हात धुऊन आले, नवी पट्टी घातली, दुसरं बोट टोचलं. तीनशे बारा. मशीनच्या कडेला बाण काढलेली दोन बटणं होती. ती कशाला असतात हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. दाबलं. कालची तारीख, सकाळचे सात, दोनशे अठ्ठ्याण्णव. परवा, तीनशे एकवीस. त्याच्या आदल्या दिवशी, दोनशे पंच्याऐंशी. ते दाबत राहिले, मागे मागे जात राहिले. वहीतला एकही आकडा मशीनमध्ये नव्हता.

बायको ओले हात पुसत आत आली. त्यांच्या डोळ्यावरचं भिंग दिसलं आणि ती जागच्या जागी थांबली.

"काल किती होती?"

तिने टेबलावरची वही मिटली.

"काल किती होती, विचारतोय मी."

"वाचलीत ना आता."

"एकशे चौदा म्हणालीस तू मला. तोंड वर करून म्हणालीस." त्यांनी मशीन तिच्यापुढे धरलं. "अगं, रोज सकाळी माझ्या शेजारी बसून, माझ्या हातात कापूस देऊन... केसाने गळा कापलास माझा. वैऱ्याने केलं असतं तर मी समजू शकलो असतो. हा पाय बघ. उद्या अंगठा कापावा लागला तर? तुझ्या आकड्यावर विश्वास ठेवून गोळी अर्धी केली ना मी!"

आयुष्यात त्यांना गिऱ्हाइकांनी फसवलं होतं, सख्ख्या भावाने फसवलं होतं. त्याचं एवढं लागलं नव्हतं. भावाकडे निदान त्यांचं लक्ष तरी असायचं. हिच्याकडे कधी संशयाने बघितलंच नव्हतं.

बायको समोरच्या खुर्चीत बसली. "चुकलंच माझं. गोळी अर्धी केलीत त्या दिवशी तरी बोलायला हवं होतं. जीभच उचलली नाही."

"पण का?"

"एकशे ब्याण्णव आली तेव्हा तुम्ही ताट भिंतीवर मारलंत. दोनशे दहाला चार दिवस माझ्याशी अबोला. दोनशे छत्तीसला माझ्या बहिणीसमोर म्हणालात, हिच्या हातातच विष आहे." वहीकडे न बघता ती भराभर सांगत होती. विचारलं असतं तर वारही सांगितले असते.

घड्याळवाल्यांना यातलं ताट तेवढं आठवत होतं.

"म्हणून खोटं बोलायचं?" त्यांना आवाज चढवायचा होता, पण चढला नाही. "पहिल्यांदा कधी बोललीस?"

"सहा-सात महिने झाले. दोनशे एकोणसाठ होती. मी एकशे अठरा म्हणाले. वाटलं, आता पकडाल."

"मग?"

ती उठली. त्यांच्या चपला आणून पुढ्यात ठेवल्या आणि खाली बसली. "चला, उठा. दवाखाना नऊला उघडतो. पाय दाखवायचा आज, आणि खरं काय ते मी सांगणार डॉक्टरांना."

"ते सांगशील गं. मग काय झालं त्या दिवशी?"

"मग तुम्ही जेवायला बसलात," दुखऱ्या अंगठ्याला लागू नये म्हणून चपलेचा पट्टा सैल करत, वर न बघता ती म्हणाली, "आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा म्हणालात, भाजी चांगली झालीय."