राजांच्या आईचं नाव

शनिवारी दुपारी तीन वाजता भडगावच्या शाळेत बेबाबाईची तोंडी परीक्षा सुरू झाली. थोड्याच वेळात ती अडली.

"शिवाजी महाराजांच्या आईचं नाव?" जळगावहून आलेल्या साहेबांनी दुसऱ्यांदा विचारलं.

बेबाने पदर पुढे ओढला. "राजांची आई," ती म्हणाली.

"ते मीच सांगितलं. नाव सांगा."

मागे बसलेल्या बायका खुसखुसल्या. वर्ग शिकवणाऱ्या इंदिराबाईंनी त्यांच्याकडे रागाने पाहिलं. त्यांना जी भीती होती, तेच झालं होतं.

इंदिराबाई धुळ्याच्या. १९५३च्या दिवाळीनंतर त्या गावात आल्या आणि दुपारच्या वेळी त्यांनी बायकांचा साक्षरता वर्ग सुरू केला. अक्षरं झाली तशा त्या इतिहासातल्या थोर स्त्रिया शिकवू लागल्या. त्यांचा एक नियम होता. अमक्याची आई, तमक्याची बायको असं कोणी म्हणायचं नाही. "बाईला स्वतःचं नाव असतं. ते घ्यायचं, ठणठणीत."

बायका शिकल्या. जुबेदाने चांदबिबीचा नगरचा किल्ला असा काही लढवला, की खिडकीबाहेर माणसं उभी राहिली. पण सगळ्यांत हुशार बेबा. अहिल्याबाईंचे घाट, सावित्रीबाईंची शाळा, काही विचारा. फक्त राजांच्या आईपाशी तिची गाडी थांबायची.

"कशी विसरते ही?" इंदिराबाई एकदा वैतागून म्हणाल्या.

"तिले येस, बाई," जुबेदा म्हणाली. "सांगता येत नही." आणि बायका हसत सुटल्या.

कारण इंदिराबाईंना दिसतच होतं. बेबाची सासू. सगळं गाव तिला अक्का म्हणायचं. वर्गाला ती रोज यायची, दाराशी भिंतीला टेकून बसायची, पाटी घ्यायची नाही, सुनेवरची नजर हलवायची नाही.

आता या परीक्षेतून तालुक्यातल्या एका बाईला बालवाडी शिकवण्याच्या प्रशिक्षणासाठी जळगावला पाठवायचं ठरलं होतं. बेबाला जायचंच होतं. वाटेत दिसेल त्या पोराला ती दगडांवर अंक शिकवायची. तिचा नवरा अभिमन तयार होता, पण म्हणाला, "अक्काने हो म्हटलं पाहिजे." अक्का म्हणाली होती, "आधी पास तर होऊ दे."

परीक्षेच्या आदल्या दिवशी इंदिराबाई तिच्या घरी गेल्या.

"अक्का, उद्या तुम्ही येऊ नका."

"काब्रं नको येऊ? मी वाघ शे का?"

"तुम्ही समोर असलात की राजांच्या आईपाशी तिच्या तोंडून शब्द फुटत नाही."

अक्का हसली. "खरं शे," ती म्हणाली. "पन मी येसू."

आणि ती आली होती. नवं लुगडं नेसून, दाराशी.

"हे बघा बाई," साहेब समजुतीने म्हणाले, "बाकी उत्तरं उत्तम आहेत. पण ज्या बाईला महाराजांच्या आईचं नाव सांगता येत नाही, तिला मी मुलं शिकवायला कसा पाठवू? शेवटचं विचारतो."

बेबाने एकदा दाराकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते.

अक्का उठली. आता ही सुनेला हाताला धरून घरी नेणार, असं इंदिराबाईंना वाटलं. त्या आडव्या गेल्या.

"अक्का, बसा हो. परीक्षा चालू आहे."

"तुम्ही बसा, बाई." अक्का सरळ साहेबांच्या टेबलापाशी गेली. "साहेब, तिले असं इचारू नका."

"मग कसं विचारू?"

"लगीनमा इचारतस तसं इचारा."

साहेब गोंधळले. बायकांनी मात्र एकमेकींना कोपरं मारली. जुबेदाने तोंडावर हात धरला.

"बोल, पोरी," अक्का म्हणाली. "मी सांगस ना. बोल."

बेबाने डोळे पुसले. उभी राहिली, सासूच्या पायांना हात लावला, आणि मांडवात घ्यावा तसा ठणठणीत उखाणा घेतला:

"शिवनेरीला पाळणा हलला, सह्याद्रीला आली जाग;
जिजाबाई, तुमचं नाव घेते, सासूबाई, धरू नका राग."

चार वाजता वर्ग सुटला, तेव्हाही बायका हसत होत्या आणि हसण्याच्या नादात साहेबांचे पैकीच्या पैकी गुण रकान्यात लिहायचे राहूनच गेले होते.