डावा कोपरा

चढाईला आलेली तेजल वळली, तोच उज्ज्वलाने झेप घेऊन तिचा घोटा धरला. पकड अचूक बसली, पण तेजलने तिला फरफटत नेत मध्यरेषा गाठली. उज्ज्वला मॅटवर पालथी पडून राहिली. लग्नाआधीपासून जिल्ह्याच्या कबड्डी संघाचा डावा कोपरा तिचा होता. कधी धरायचं हे हातांना अजून कळत होतं; धरून ठेवण्याचं बळ मात्र ओसरत चाललं होतं.

सराव संपल्यावर तेजल शेजारी येऊन बसली. "ताई, मी कधी वळणार हे तुम्हाला आधीच कसं कळतं?"

उज्ज्वलाने गुडघ्यावर बर्फ धरला. आठवड्याने संघाची निवड होती. तेव्हा हिला एकदा जरी रोखता आलं, तर आपली जागा टिकेल, अशी तिला आशा होती. पण पुढे राज्य स्पर्धेत पोरीला हे आधीच कळणारं वळण नडलं असतं.

"वळायच्या आधी तू उजवा खांदा पाडतेस," ती शेवटी म्हणाली. "मी तेवढंच बघते. ऊठ, दाखवते."

आठवडाभर ती दुखऱ्या गुडघ्याने तेजलकडून वळण घोटून घेत राहिली.

निवडीच्या दिवशी तेजल चढाईला आली. खांदा हलला नाही. उज्ज्वलाने अंदाजाने झेप टाकली आणि रिकाम्या हातांनी आपटली. टाळ्या वाजल्या. तेजल मात्र तिच्याकडे अपराध्यासारखी बघत होती.

"अगं, बरोबर वळलीस," उज्ज्वला म्हणाली. मग कुणी सांगायची वाट न बघता ती मॅटबाहेर जाऊन बसली. बसल्यावर तिला जाणवलं, की आपल्याला कधीपासून असंच बसावंसं वाटत होतं.